वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती लवकर पोहोचते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तांत्रिक कामात उत्तम म्हणून एका गटाचं नेतृत्व मिळालं. वर्षभराने मूल्यांकनात वरिष्ठांनी शेरा मारला: ‘कामाची जाण पक्की आहे, भावनिक बुद्धिमत्ता वाढवावी लागेल.’ म्हणजे स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखून त्या नीट हाताळण्याची क्षमता. आता विचारणाऱ्याला तीन शंका आहेत. असं खरंच काही असतं की ही व्यवस्थापनातली फॅशन आहे? सगळ्यांशी गोडीगुलाबीने वागायचं, एवढाच याचा अर्थ का? आणि स्वभाव मुळातच तापट असेल तर हे शिकता येतं का?

मी बरीच वर्षं प्रकल्प चालवले आणि आता नव्याने नेतृत्वावर आलेल्या लोकांबरोबर काम करते. माझं उत्तर आधी सांगून टाकते, कारणं मागाहून. एखाद्या नेत्याची भावनिक बुद्धिमत्ता जोखायची असेल तर तो किती हसतमुख आहे, किती जणांचे वाढदिवस लक्षात ठेवतो, हे मी बघत नाही. काम बिघडलं की ती बातमी त्याच्या कानावर किती लवकर येते आणि वाटेत किती गाळली जाते, ते बघते. ज्याच्यापर्यंत वाईट बातमी ताजी पोहोचते तो नेता, तापट असो की अबोल, यात पास आहे. आणि ज्याला ती सगळ्यात शेवटी कळते, त्याच्या गोड बोलण्याला माझ्या लेखी फारशी किंमत नाही.

उदाहरण जगजाहीर आहे. २००६ साली ॲलन मुलाली बोइंग सोडून फोर्ड या मोटार कंपनीचे मुख्याधिकारी झाले. त्या वर्षी फोर्डला १२ अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला. मुलालींनी दर आठवड्याला सगळ्या विभागप्रमुखांची बैठक सुरू केली. प्रत्येकाने आपल्या कामांचे तक्ते रंगांत दाखवायचे: सुरळीत चाललंय त्याला हिरवा, धोका दिसतोय त्याला पिवळा, अडलंय त्याला लाल. पहिले काही आठवडे सगळे तक्ते हिरवेगार. कंपनी अब्जावधी गमावतेय आणि कागदावर कुणालाच काही अडचण नाही! मुलालींनी हे बोलूनही दाखवलं, तरी कुणी हललं नाही. मग एके दिवशी मार्क फील्ड्स यांनी एका नव्या गाडीच्या तक्त्यावर लाल रंग लावला. दोष सापडला होता, गाडी बाजारात पाठवणं त्यांनी थांबवलं होतं. खोलीत शांतता पसरली. आता यांची नोकरी गेलीच, असं इतरांना वाटलं. मुलालींनी टाळ्या वाजवल्या, आणि यात मदत कोण करू शकेल असं विचारलं. तिथल्या तिथे सूचना यायला लागल्या. त्यानंतर हळूहळू तक्त्यांवर पिवळा आणि लाल दिसायला लागला. पुढे २०१४ मध्ये मुलालींनंतर मुख्याधिकारी झाले ते हेच फील्ड्स.

ही गोष्ट ‘चांगुलपणा’चा दाखला म्हणून सांगितली जाते, ते मला पटत नाही. मला महत्त्वाचे वाटतात ते लाल तक्ता दिसल्यानंतरचे दोन-तीन सेकंद. सगळी खोली तक्त्याकडे बघत नव्हती, मुलालींच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिथे नुसत्या भुवया उंचावल्या असत्या तरी पुढचं वर्षभर सगळं हिरवंच राहिलं असतं. तुमच्या गटातही हे रोज घडतं, फक्त इतकं नाट्यमय नसतं. लोक सांगण्याआधी तुमचा चेहरा वाचतात आणि त्यावरून काय सांगायचं ते ठरवतात.

आता फॅशनची शंका निकालात काढू. पीटर सॅलोवे आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ही संकल्पना शोधनिबंधातून मांडली तेव्हा तिचा आवाका माफक होता. नंतर त्यांनी तिचे चार भाग पाडले: स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखणं, विचार करताना त्यांचा उपयोग करून घेणं, भावना कशातून येतात आणि कशा बदलत जातात हे समजणं, आणि त्या हाताळणं. १९९५ मध्ये डॅनिएल गोलमन यांचं पुस्तक गाजलं आणि हा विषय कार्यालयांत शिरला. त्याबरोबर अतिशयोक्तीही शिरली. यशात बुद्ध्यांकाचा वाटा २० टक्के, म्हणजे उरलेले ८० टक्के भावनिक बुद्धिमत्तेचे, असं गणित अजूनही ऐकू येतं. हे कुणी सिद्ध केलेलं नाही. त्या उरलेल्या वाट्यात नशीब, परिस्थिती, शिक्षण, संधी सगळंच येतं. कार्यशाळेत ८० टक्क्यांची स्लाइड आली की खुशाल वही मिटा.

पण फुगा फोडल्यावर हातात काही उरत नाही असंही नाही. डाना जोसेफ आणि डॅनिएल न्यूमन यांनी २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. ज्या कामात स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या भावना सतत सांभाळाव्या लागतात, तिथे भावनिक बुद्धिमत्ता आणि कामगिरी यांचा संबंध दिसतो. जिथे तशी गरज कमी, तिथे तो जवळजवळ नाही, काही वेळा उलटाच. तुमच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे. काल तुम्ही दुसऱ्या प्रकारच्या कामात होता, आज पहिल्या प्रकारच्या कामात आलात. पदोन्नतीच्या पत्रात हे लिहिलेलं नसतं, पण तुमचं काम बदललंय. आधी तुमच्या हाताखाली यंत्रणा होती, आता माणसं आहेत, आणि ती काय सांगतात यावर तुमचा प्रत्येक निर्णय उभा आहे.

माहिती आणि वातावरण यांचं नातं संशोधक एमी एडमंडसन यांच्या कामात जितकं स्पष्ट दिसतं तितकं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुका त्या अभ्यासत होत्या. ज्या गटांचं नेतृत्व चांगलं, तिथे चुका कमी असणार अशी साहजिक अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या गटांत नोंदलेल्या चुका जास्त! हा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. खोलात गेल्यावर उलगडा असा झाला की त्या गटांत चुका बोलून दाखवल्या जात होत्या, इतर ठिकाणी त्या झाकल्या जात होत्या. तुमच्या गटाकडून महिनोन्महिने एकही तक्रार आली नसेल तर अभिमान वाटण्याआधी हा अभ्यास आठवा.

आणि झाकण्यासाठी साहेब ओरडणाराच असावा लागतो असं नाही. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जम्बो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. त्यातलं एक केएलएम या कंपनीचं, दुसरं पॅन ॲमचं. केएलएमच्या विमानाने परवानगी नसताना उड्डाणासाठी धाव घेतली होती. त्या धावेतच त्याच्या फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली, की पॅन ॲमचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालेलं नाही का? कॅप्टनने ठामपणे सांगितलं, झालंय. विषय संपला. कॅप्टन कंपनीतला सर्वांत नावाजलेला प्रशिक्षक होता. धुकं होतं, रेडिओवर दोन संदेश एकाच वेळी आल्यामुळे ऐकू आले नाहीत, कारणं अनेक होती. पण शेवटची शंका जिथे विरली ती जागा कॉकपिटमधलीच. अशा अपघातांमुळे विमान कंपन्यांनी कॅप्टनला शंका ऐकून घ्यायचं आणि हाताखालच्यांना ती रेटून बोलायचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. नासाने १९७९ मध्ये त्यासाठी कार्यशाळा घेतली, युनायटेड एअरलाइन्सने १९८१ मध्ये पूर्ण अभ्यासक्रम सुरू केला. भावनिक बुद्धिमत्तेला ‘मऊ’ कौशल्य म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देते.

पद मिळाल्यावर ही गोष्ट अवघड का होते, तेही समजून घ्या, म्हणजे ‘माझा स्वभावच वाईट’ असं वाटून घेणार नाही. ॲडम गॅलिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना स्वतःच्या कपाळावर इंग्रजी ‘ई’ अक्षर काढायला सांगितलं. त्याआधी काहींना आपल्या हाती सत्ता होती असा प्रसंग आठवायला लावला होता, तर काहींना आपण दुसऱ्याच्या सत्तेखाली होतो असा. सत्तेच्या आठवणीत असलेल्यांनी समोरच्याला उलटं दिसेल असं अक्षर काढण्याचं प्रमाण जवळजवळ तिप्पट होतं. नुसती आठवण एवढं करते, तर खुर्ची काय करत असेल! त्यातच तुमचा मूड आता खाजगी राहिलेला नाही. २००५ च्या एका अभ्यासात नेत्याला आधी चांगल्या किंवा वाईट मूडमध्ये आणून मग गटाकडे पाठवलं. तो मूड गटात पसरला. चांगल्या मूडच्या नेत्यांच्या गटांत समन्वय बरा दिसला. वाईट मूडच्या नेत्यांचे गट जास्त जोर लावत होते, पण एकमेकांशी मेळ कमी. दरडावल्यावर लोक कामाला लागतात हा अनुभव अगदीच खोटा नाही. फक्त ते वेगवेगळ्या दिशांना पळतात.

मग रागाचं करायचं काय? गिळायचा का? नाही. राग चेहऱ्यावर न दाखवता आत दाबून ठेवणं हा सगळ्यात महागडा उपाय आहे. जेम्स ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत दिसलं की भावना दाबत बसलेल्या माणसाला समोर घडलेलं कमी आठवतं, कारण त्याचं लक्ष स्वतःला सांभाळण्यात खर्च होतं. आणखी एक गोष्ट २००३ च्या अभ्यासात आढळली: दाबणाऱ्याशी बोलत असलेल्या माणसाचा रक्तदाब वाढतो. म्हणजे तुम्ही ‘मी शांत आहे’ असा चेहरा करून बसता आणि समोरच्याला कारण न कळता अस्वस्थ वाटतं. वरवर शांत राहणारा साहेब लोकांना ओरडणाऱ्यापेक्षा भयंकर वाटतो, तो यामुळेच. ओरडणाऱ्याचं निदान कळतं तरी.

त्यापेक्षा भावनेला नाव द्यावं. मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७ च्या प्रयोगात भावनेला शब्दांत मांडल्यावर भीती-रागासारख्या भावनांशी जोडलेल्या, मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची धावपळ कमी झालेली दिसली. प्रत्यक्षात हे एका वाक्याचं काम आहे. बैठकीला बसताना म्हणा, ‘आत्ता एका वेगळ्याच कारणाने माझं डोकं तापलंय, तुमच्या कामाशी त्याचा संबंध नाही. मी तुटक बोललो तर त्यामुळे समजा.’ माझ्याबरोबर काम करणाऱ्या बऱ्याच जणांना आधी हे कमीपणाचं वाटतं. करून बघितल्यावर त्यांच्या लक्षात येतं की लोकांना साहेबाच्या रागाचा त्रास असतोच, पण तो राग आपल्यावर आहे की नाही याच्या अंदाजाचा त्याहून जास्त असतो.

आणि ज्याच्यावर खरंच राग आहे त्याच्यासाठी लिंकन यांची पद्धत. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, जुलै १८६३ मध्ये, गेटिसबर्गची लढाई जिंकल्यावर लिंकन यांच्या बाजूचे जनरल मीड यांनी शत्रूचं सैन्य निसटू दिलं. राष्ट्राध्यक्ष नाराज आहेत हे मीड यांना सरसेनापती हॅलेक यांच्याकरवी कळलं, आणि त्यांनी मला मोकळं करा असं कळवलं. त्यावर लिंकन यांनी त्यांना सविस्तर पत्र लिहिलं. आधी विजयाबद्दल आभार, मग हाती आलेली संधी घालवल्याचं दुःख. ते पत्र त्यांनी पाठवलंच नाही. पाकिटावर ‘कधी पाठवलं नाही, सही केली नाही’ अशा अर्थाची नोंद आहे. यातून लोक संयम शिकतात. मला त्यात आणखी काही दिसतं. नाराजी मीड यांच्यापासून लपवलेली नव्हती, ती योग्य मार्गाने पोहोचली होती. लिंकन यांनी राखून ठेवला तो फक्त जखम करणारा मजकूर. काय बिघडलं ते कळवा, पण संतापात लिहिलेला मसुदा पेटीत ठेवा. आजच्या भाषेत: रागात लिहिलेला ईमेल लिहा जरूर, पण पाठवायच्या रकान्यात पत्ता टाकू नका.

आता दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याबद्दल. यात बहुतेक जण चुकीच्या गोष्टीवर मेहनत घेतात. देहबोलीची पुस्तकं वाचतात, डोळ्यांच्या हालचालींवरून अंदाज बांधतात, ‘त्याच्या जागी मी असतो तर’ असा विचार करतात. ताल इयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये पंचवीस प्रयोगांचा निष्कर्ष मांडला, तो असा की दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून त्याचं मन जास्त अचूक कळत नाही. उलट, कळलंय असा आत्मविश्वास वाढू शकतो. अचूकता वाढली ती सरळ विचारल्यावर. इतकं साधं आहे. विचारा.

मात्र विचारायची एक रीत असते. आढावा बैठक चालू आहे असं धरा. तुम्ही विचारता, ‘शुक्रवारपर्यंत होईल ना?’ समोरचा क्षणभर थांबतो, शेजारच्याकडे बघतो आणि म्हणतो, ‘हो, होऊन जाईल.’ तुम्ही पुढच्या मुद्द्याकडे वळता. या छोट्या प्रसंगात दोन गोष्टी हुकल्या. तुमच्या प्रश्नातच उत्तर होतं, ‘नाही’ म्हणायला त्याच्यासाठी जागा ठेवली नव्हती. आणि ते थांबणं, ते शेजारी बघणं तुमच्या नजरेतून सुटलं. तोच प्रश्न असा विचारा: ‘शुक्रवार चुकलाच तर कशामुळे चुकेल?’ आता उत्तर येतं, ‘चाचणीचा डेटा अजून मिळालेला नाही. मागितलाय, पण समोरून काही उत्तर नाही.’ ‘कधी मागितला होता?’ ‘मागच्या सोमवारी.’

इथे तुमच्या जिभेवर एक वाक्य तयार असतं: ‘मग हे आत्ता सांगतोयस?’ मी पाहिलेल्या बैठकांत सर्वाधिक नुकसान या एका वाक्याने केलंय. ते अगदी रास्त असतं, पण त्याने माणूस इतकंच शिकतो की सांगितलं म्हणून फटका बसला. पुढच्या वेळी तो शुक्रवार उलटल्यावर सांगेल. त्याऐवजी म्हणा, ‘बरं झालं आज कळलं. मी त्यांच्या प्रमुखाशी बोलू का, की तू एकदा प्रयत्न करतोस?’ मुलालींची टाळी ती हीच. आठवडाभर गप्प का बसला हा प्रश्न सोडून द्यायचा नाही, पण तो बैठक संपल्यावर, दोघंच असताना, खरोखर जाणून घ्यायच्या इच्छेने विचारायचा: ‘मागच्या आठवड्यात मला सांगावंसं वाटलं नाही, ते कशामुळे?’ उत्तरात बऱ्याचदा तुमचाच एखादा जुना प्रसंग निघतो. त्या वेळी खुलासा करत बसू नका. तुम्ही पहिलं वाक्य ‘नाही, पण त्या दिवशी काय झालं होतं...’ असं सुरू केलंत की तो प्रामाणिकपणाचा शेवटचा दिवस.

लेखी निरोपांचीही हीच गत. रात्री वरिष्ठाचा एका ओळीचा निरोप येतो: ‘उद्या भेट, बोलायचंय.’ पाठवणाऱ्याला सुट्टीच्या वेळापत्रकाबद्दल दोन मिनिटं बोलायचं असतं, तो निवांत झोपतो. वाचणारा पहाटेपर्यंत आपल्या चुका आठवत बसतो. ‘सुट्ट्यांच्या वेळापत्रकाबद्दल’ एवढे दोन शब्द जोडायला किती वेळ लागतो? पद जितकं मोठं तितका तुमच्या मोघमपणाचा अर्थ वाईट लावला जातो, हे गृहीत धरून लिहा.

गोडीगुलाबीची शंका उरली. तिचं उत्तर या सगळ्यात आलंच आहे, तरी एक बाजू वेगळी सांगायला हवी. अप्रिय गोष्ट बोलायचं टाळणं ही भावनिक बुद्धिमत्ता नव्हे, ती स्वतःची अस्वस्थता टाळण्याची युक्ती आहे. हे माझं ठाम मत आहे आणि त्यावर माझ्याशी वाद घालणारे बरेच आहेत. समजा एकीच्या अहवालांत आकड्यांच्या चुका पुन्हा पुन्हा येतायत. सौम्य समजला जाणारा वरिष्ठ म्हणतो, ‘तू खूप मेहनती आहेस, ग्राहकही खूश आहेत, फक्त थोडं तपशिलांकडे लक्ष दे, बाकी मस्त चाललंय.’ ती हसत बाहेर पडते. सहा महिन्यांनी तिची बढती अडते तेव्हा तिला वाटतं, आपल्याशी दगाफटका झाला. आणि ते खरंच असतं.

तिला असं सांगता येतं: ‘मला एक अवघड गोष्ट बोलायची आहे. मागच्या तीन अहवालांत बेरजा चुकल्या होत्या, त्यातला एक ग्राहकापर्यंत गेला. हे असंच राहिलं तर मोठं काम तुझ्याकडे देता येणार नाही. मला तुझ्याकडून ऐकायचंय, हे कुठे घडतंय?’ मग गप्प बसायचं. ही शांतता नव्या व्यवस्थापकांना सहन होत नाही, ते लगेच ‘म्हणजे तसं फार काही नाही’ म्हणत सगळं पुसून टाकतात. तिला वाईट वाटेल, कदाचित डोळे भरून येतील. वाईट वाटू न देणं हे तुमचं काम नाही. वाईट वाटत असतानाही तिला नेमकं काय ते कळावं आणि आपल्याला संपवायला बसलेले नाहीत हे जाणवावं, हे तुमचं काम. कामावरून कमी करायच्या वेळी तर हे आणखी लागू पडतं. मुद्दा पहिल्या दोन वाक्यांत सांगा. हवापाण्याच्या गप्पांनी सुरुवात करणं हा सभ्यपणा वाटतो, पण समोरच्याला नंतर त्या गप्पाच जास्त बोचतात.

एक काळी बाजूही आहे, आणि तिच्याबद्दल कार्यशाळांत सहसा बोललं जात नाही. स्तेफान कोते आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की भावना कशा हाताळायच्या याचं ज्ञान माणसाच्या मूळ हेतूंना धार आणतं. सद्भावी माणूस त्याने जास्त सद्भावी वागतो, डावपेची माणूस जास्त डावपेची. कुणाला कशाने अपराधी वाटतं हे अचूक ओळखणारा आणि त्याचा उपयोग जास्तीचे तास काढून घेण्यासाठी करणारा साहेब तुम्हीही पाहिला असेल. म्हणून कौशल्याबरोबर काही नियम उघड असावेत. काम कसं वाटलं जातं, बढती कशावर ठरते, हे सगळ्यांना माहीत हवं. ‘साहेबांना माणसाची पारख आहे’ यावर संस्था चालू नये.

शिकता येतं का? येतं, पण माफक अपेक्षेने. २०१९ मध्ये मॅटिंग्ली आणि क्रेगर यांनी पन्नासहून जास्त अभ्यास एकत्र तपासले, प्रशिक्षणाचा परिणाम मध्यम स्वरूपाचा पण स्पष्ट दिसला. खरी अडचण वेगळी आहे. २०१४ च्या एका अभ्यासात, ज्यांची भावनिक बुद्धिमत्ता चाचणीत सर्वांत कमी निघाली त्यांनाच आपल्या क्षमतेबद्दल सर्वाधिक गैरसमज होता, आणि निकाल कळल्यावर चाचणी चुकीची आहे असं म्हणण्यात, सुधारणेचे मार्ग नाकारण्यातही तेच पुढे होते. म्हणून ऑनलाइन प्रश्नावलीत स्वतःला गुण देऊन काही कळत नाही. ‘मी लोकांच्या भावना समजून घेतो’ यापुढे ‘नेहमी’वर खूण करणारे नेते मी भरपूर पाहिलेत, त्यांच्या गटाला ती प्रश्नावली वाचून हसू आलं असतं. तापट स्वभावाचं म्हणाल तर स्वभाव बदलायची गरज नाही. ठिणगी पडण्याच्या जागा ठरलेल्या असतात: उशीर, तेच तेच प्रश्न, वरिष्ठांसमोर उघडं पडणं. तुमच्या दोन-तीन जागा कोणत्या ते शोधा आणि फक्त तिथल्या पहिल्या वाक्याची आधी तयारी करून ठेवा. बाकी दिवसभर तुम्ही जसे आहात तसे चालाल.

मूल्यांकनातल्या त्या शेऱ्याचं काय करायचं, ते सांगून थांबते. ‘भावनिक बुद्धिमत्ता वाढवा’ या वाक्यावर काही करताच येत नाही, कारण त्यात प्रसंग नाही. वरिष्ठांकडे जा आणि विचारा, ‘हे लिहिताना तुमच्या डोळ्यांसमोर कोणता प्रसंग होता? मी तिथे काय केलं, आणि काय करायला हवं होतं?’ ते सांगत असताना लिहून घ्या, खुलासा देऊ नका. त्यांना एकही प्रसंग आठवला नाही तर शक्यता दोन: शेरा पुस्तकी आहे, किंवा कुणीतरी त्यांच्याकडे तक्रार केली आहे आणि त्यांना नाव सांगायचं नाही. दुसरी शक्यता खरी असेल तर तक्रार करणाऱ्याला शोधत फिरू नका, गटात ते दोन दिवसांत कळतं. त्याऐवजी प्रत्येकाबरोबर वेगळं बसा आणि एकच विचारा: ‘मला सांगायला तुम्हाला सगळ्यात अवघड काय जातं?’ पहिल्या फेरीत बहुतेक जण ‘काही नाही’ म्हणतील. महिन्याभराने पुन्हा विचारा. दुसऱ्या फेरीत कुणीतरी एखादी किरकोळ गोष्ट सांगेल, बैठक उशिरा संपते वगैरे. ती त्याच आठवड्यात बदला आणि कुणी सुचवली ते त्याला विचारूनच सगळ्यांना सांगा. मोठ्या गोष्टी यायला तिसरी फेरी लागते.